जुनी बाकी आहे म्हणून गॅरेजवाला माझी बाईक अडवू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की या वेळच्या कामाचे पैसे द्यायला तुम्ही तयार आहात, पण गॅरेजवाला मागच्या वर्षीच्या स्कूटरच्या बिलासाठी बाईक अडवून बसलाय. 'माझा लिन आहे, विकून टाकीन' म्हणतो. मी वकिली करतो, म्हणून नीट सांगतो: या कामाच्या बिलापुरती तो बाईक ठेवू शकतो. जुन्या बाकीसाठी नाही. आणि विकू तर मुळीच शकत नाही.

लिन म्हणजे धारणाधिकार, म्हणजे पैसे मिळेपर्यंत वस्तू हाती धरून ठेवण्याचा हक्क. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं त्याला हा हक्क मिळतो, पण त्याच वस्तूवरच्या त्याच कामाच्या मोबदल्यासाठी. कायद्यातलंच उदाहरण बघा. हिऱ्याला पैलू पाडणारा मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवू शकतो. मात्र कोट शिवून झाल्याबरोबर देईन आणि पैशाला तीन महिने थांबेन, असं कबूल केलेला शिंपी कोट अडवू शकत नाही. म्हणजे आपसात काय ठरलं होतं, याला फार महत्त्व आहे. तुम्ही सही केलेल्या जॉब कार्डाच्या मागच्या अटी आधी वाचा.

कुठल्याही जुन्या येण्यासाठी माल धरून ठेवण्याचा व्यापक हक्क कलम १७१ मध्ये आहे. तसा स्पष्ट करार झालेला नसेल तर तो बँका, अडते, गोदीवर माल सांभाळणारे, उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल यांनाच. गॅरेज त्यात नाही. आम्ही वकीलसुद्धा फीसाठी अशिलाची फाइल अडवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलंय, आणि ते योग्यच आहे.

विकण्याचा हक्क तारणात येतो. कर्जासाठी सोनं ठेवून घेणारा, कर्ज थकलं तर, वाजवी नोटीस देऊन ते विकू शकतो (कलम १७६). तुम्ही बाईक तारण ठेवलेली नाही, दुरुस्तीला दिलीय. बाईक कर्जावर घेतली असेल तर आरसीवर हायपोथिकेशनची नोंद असेल. ते नजरगहाण, त्यात गाडी तुमच्याच ताब्यात राहते आणि बोजा बँकेचा असतो.

आता या कामाची पूर्ण रक्कम देऊ केल्याचं त्याला लेखी कळवा, प्रत जपून ठेवा. तरीही बाईक देत नसेल तर तो ताबा बेकायदा ठरतो. वकिलाची नोटीस पाठवा, मग ग्राहक आयोग आहेच. गाडीवाचून अगदीच अडलं असेल तर पावतीवर 'हरकत राखून' लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि जादा घेतलेली रक्कम नंतर परत मागा.