समुद्राचं पाणी आम्लधर्मी होत चाललंय, तर कालवांच्या (शिंपल्यातला समुद्री जीव, ऑयस्टर) अळ्यांना कवच बनवायला नेमकी अडचण कुठे येते?

अडचण मुख्यतः ऊर्जेची. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की हायड्रोजन आयन वाढतात आणि कार्बोनेटला पकडून बसतात. कवचाचा कच्चा मालच कमी पडतो, म्हणून कवच बनवायला जास्त ऊर्जा खर्चावी लागते.

कालवाची अळी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. फलनानंतर साधारण दोन दिवसांत तिला इंग्रजी 'डी' अक्षरासारखं पहिलं कवच उभं करायचं असतं, तेही जवळजवळ अंड्यातल्या शिदोरीवर. आम्लयुक्त पाण्यात ती शिदोरी कवचातच संपते आणि अळी नीट खायला लागण्याआधीच मरते. फार वाईट वाटतं हे. २००७-०८च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कालवांच्या उबवणी केंद्रात अशाच अळ्या मेल्या. पुढे पाण्याची आम्लता कमी करणारा सोडा ॲश (धुण्याचा सोडा) मिसळून अळ्या जगवाव्या लागल्या.

समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अळीतही अशा पाण्यात सांगाड्याच्या काड्या खुंटतात, हात आखूड राहतात.