चित्र तेच, मग दाद का उतरली?

प्रश्न : वडिलांनी हौसेने घेतलेले एक जलरंगातील निसर्गचित्र आमच्या दिवाणखान्यात कित्येक वर्षे आहे. ते एका नामवंत चित्रकाराचे आहे, अशी आमची समजूत होती. अलीकडे एका जाणकाराने ती नक्कल असल्याचे सांगितले आणि तेव्हापासून ते पूर्वीसारखे भावत नाही. इतकी वर्षे मी चित्राला दाद देत होतो की नावाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हींना, आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. ज्यांची हयात चित्रे पारखण्यात गेली, तेही यातून सुटलेले नाहीत. १९३७ साली डच कलेतिहासकार आब्राहाम ब्रेडियस यांनी ख्रिस्ताच्या एमाऊस या बायबलमधील गावी झालेल्या भोजनाचे एक चित्र सतराव्या शतकातील डच चित्रकार योहान्नेस व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून गौरवले आणि पुढच्याच वर्षी ते रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात दाखल झाले. वास्तविक ते हान व्हान मेगेरेन या ब्रेडियस यांच्याच काळातील चित्रकाराने रंगवले होते. त्याने जुना कॅनव्हास मिळवला, रंगांत बेकेलाइट या तापवल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या जातीचे द्रव्य मिसळले, चित्र भट्टीत भाजले, ते गुंडाळून तडे पाडले आणि त्या तड्यांत काळपट रंग भरला. पण त्याची खरी चलाखी निराळीच होती : व्हर्मीरने इटालियन वळणाची आणखी धार्मिक चित्रे काढली असावीत, असा तज्ज्ञांचा कयास होता आणि याने नेमके तेच त्यांच्यापुढे ठेवले. नाझी नेता गोरिंग याच्याकडे ‘व्हर्मीर’ गेल्याच्या प्रकरणात १९४५ मध्ये व्हान मेगेरेनला अटक झाली, तेव्हा त्याने स्वतःच बनावटीची कबुली दिली आणि पहाऱ्यात बसून तसेच आणखी एक चित्र रंगवून दाखवले. आज त्या चित्रांतील जड पापण्यांचे चेहरे पाहून तज्ज्ञ फसले कसे, याचे नवल वाटते. अर्थात ही आपली हुशारी निकाल ठाऊक झाल्यानंतरची आहे.

माहितीने आनंदच बदलतो, तो केवळ दिखावा नसतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कलादालनातील म्हणून दाखवलेली अमूर्त चित्रे संगणकनिर्मित म्हणून दाखवलेल्या चित्रांपेक्षा लोकांना अधिक आवडली आणि सुखानुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातही तसा फरक दिसला. शिवाय तुमच्या हिरमोडाला सबळ कारण आहे. जलरंगात कागद कोठे कोरा सोडायचा, हा निर्णय जोखमीचा असतो, कारण चुकल्यास तो सहजी सुधारता येत नाही. मूळ चित्रकाराने तो स्वतः घेतला, नक्कल करणाऱ्याला तो आयता मिळाला. हे कळल्यावर दाद कमी व्हावी, यात मला रसिकताच दिसते.

तरीही चित्र लगेच उतरवू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात विद्यार्थ्यांना एकोणिसाव्या शतकातील मान्यवर ब्रिटिश चित्रकार जॉन एव्हरेट मिले आणि लोकप्रिय अमेरिकन चित्रकार थॉमस किंकेड यांची चित्रे वारंवार दाखवली, तेव्हा किंकेडची चित्रे पाहून पाहून कमी आवडू लागली. मिलेच्या बाबतीत तशी घसरण झाली नाही. नेहमीच्या पाहण्यातूनही पारख होते, आणि तुमचे चित्र त्या जाणकाराच्या भेटीपर्यंत त्या कसोटीला उतरलेले होते.