वाचकांचे प्रश्न : प्रवासी व्हॅनमध्ये काढता-घालता येणारा पलंग

प्रश्न : आमच्याकडे सात आसनी मारुती ईको व्हॅन आहे. कोकणात, तसेच पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर या बाजूला आम्हा दोघा पतीपत्नींचे वरचेवर जाणे होते आणि अशा वेळी गाडीतच झोपण्याची सोय असावी असे वाटते. परंतु सुट्टीत मुले-नातवंडे आली की सगळी आसने लागतात. मागची आसने काढून पक्का पलंग बसवावा, की काढता येईल असा करावा? आरटीओची अडचण येते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काढता येईल असाच करावा. आपली कौटुंबिक गरज तर तेच सांगते, पण कायदाही त्याच बाजूला झुकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. आसनसंख्या हा प्रमाणपत्रातलाच एक तपशील आहे. त्यामुळे मागची दोन्ही बाके कायमची काढून तेथे लाकडी कपाटे आणि पलंग स्क्रूने ठोकून बसवला, तर ती गाडी कागदावर सात आसनी आणि प्रत्यक्षात दोन आसनी होते. गाडी थांबवली गेली किंवा विम्याचा दावा करण्याची वेळ आली, तर ही तफावत आपल्याला महागात पडू शकते.

याउलट पत्र्याला नवे छिद्र न पाडता, वेल्डिंग न करता, नुसता पट्ट्यांनी बांधलेला पलंग हे गाडीतले सामान ठरते. माझ्या मते सर्वांत सुरक्षित वाट अशी की मधले बाक सीट बेल्टसह जागेवर ठेवावे, त्याची पाठ पुढे घडी होत असेल तर तिचा उपयोग करून घ्यावा आणि पलंग त्या बाकाच्या मागे-वर येईल अशा बेताने आखावा. मागचे बाक फक्त प्रवासापुरते सोडवायचे असेल, तर आधी आपल्या आरटीओ कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे व उत्तर गाडीच्या कागदांसोबत ठेवावे. तोंडी मिळालेल्या ‘काही होत नाही’ या उत्तरावर विसंबू नये; ते देणारा माणूस नाक्यावर आपल्या सोबत नसतो.

प्रश्न : असा पलंग गावातल्या सुताराकडून करून घ्यायचा आहे. प्लाय कोणता, जाडी किती, उंची किती ठेवावी? गाडीच्या वजनाचे काय?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : सुताराला बोलावण्यापूर्वी पुठ्ठा आणावा. फ्रिज किंवा वॉशिंग मशिनची खोकी उघडून त्यांचा पूर्ण मापाचा नमुना गाडीत अंथरावा, त्यावर दोघांनी प्रत्यक्ष आडवे व्हावे आणि चाकांवरचे फुगवटे, दारांच्या कडा, सीट बेल्टचे अडकवण जेथे जेथे आड येतात तेथे तो कापावा. ईकोची बाहेरची लांबी ३,६७५ मिलिमीटर आणि रुंदी १,४७५ मिलिमीटर आहे. पुढची आसने इंजिनावर असल्याने ती उंच असतात आणि जागा अडवतात, तर रुंदीतले काही इंच दोन्हीकडचे पत्रे व अस्तर खातात. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद ही कमाल अपेक्षा धरावी; उंच व्यक्तीला तिरके झोपावे लागेल किंवा पुढचे आसन पुढे सरकवून तेथे डोक्याची फळी टेकवावी लागेल.

उंची ठरवताना बहुतेक जण खालच्या सामानाचा विचार आधी करतात आणि मग पलंगावर ताठ बसता येत नाही. उलट क्रम धरावा. गादीवर बसल्यावर डोके छताला लागू नये यासाठी सुमारे ३४ ते ३६ इंच मोकळे लागतात. फरशीपासून छतापर्यंतच्या मापातून हे ३६ इंच आणि गादीचे ३ इंच वजा करावेत; उरेल ती पलंगाची उंची. ती १० इंच आली तर १० इंचच. तेवढ्यात भाजी बाजारातले प्लास्टिकचे बुटके क्रेट बसतात आणि ते मागच्या दारातून ओढून काढता येतात.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन दर्जाचा घ्यावा. बंद गाडीत दमटपणा असतो आणि साध्या कमर्शियल प्लायचे पापुद्रे दोन पावसाळ्यांत सुटू लागतात. जाडी १२ मिलिमीटर पुरते, मात्र खाली दर १५-१६ इंचांवर आडवा आधार हवा. आठ बाय चारचा १२ मिलिमीटरचा तक्ता साधारण २४ किलो भरतो, म्हणजे सहा बाय चारच्या पलंगाला त्यातले १८ किलो लागतात. २५ मिलिमीटर चौरस आणि १.६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे १.२ किलो असतो. सांगाड्याला बारा मीटर पाइप धरला तर १४ किलो. ४० डेन्सिटीचा, तीन ते चार इंच जाडीचा फोम सात ते नऊ किलो. एकूण ४० किलोच्या आसपास, म्हणजे एका प्रवाशापेक्षाही कमी. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घेतला तर सांगाडा साधारण एक तृतीयांश वजनात होतो, परंतु त्याचे वेल्डिंग सगळीकडे नीट होत नाही आणि नटबोल्टने जोडलेली चौकट कालांतराने डुलते. ज्याच्याकडे चांगला फॅब्रिकेटर नाही त्याने लोखंड घेऊन रेडऑक्साइड आणि रंगाचे दोन हात द्यावेत. सुतार कदाचित १८ मिलिमीटर प्लायचा आग्रह धरील, कारण घरातल्या फर्निचरची त्याला सवय असते. पण त्याने निव्वळ प्लायचेच वजन आठ-नऊ किलोने वाढते आणि काढता-घालताना ते कमरेला कळते.

पलंग तीन तुकड्यांत करावा, प्रत्येक तुकडा साधारण दोन बाय चार फुटांचा. मागचे दोन तुकडे आपापल्या चौकटीवर उभे राहतात. तिसरी, पुढची फळी पियानो बिजागरीने, म्हणजे कडेभर लांब अशा सलग बिजागरीने, मधल्या तुकड्याला जोडावी, म्हणजे दिवसा ती त्यावर पालथी पडते आणि रात्री उलटली की मधल्या बाकाच्या झोपवलेल्या पाठीवर व दोन घडीच्या पायांवर येते. पायांखाली रबरी टोप्या आणि जोडांच्या मध्ये नमद्याची (फेल्टची) पट्टी लावली नाही, तर पहिल्याच घाटात खडखडाट सुरू होतो. प्लायला जागोजागी इंचभर व्यासाची भोके पाडावीत. ती पाडली नाहीत तर गादीच्या खालच्या बाजूला घामाचा ओलावा साचून बुरशी धरते.

आता बांधणी. येथे काटकसर करू नये. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून जेमतेम दोन फुटांत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या पंधरा-सोळा पट जोर येतो. ३० किलोची सुटी चौकट त्या क्षणी अर्ध्या टनाच्या धक्क्याने आपल्या पाठीवर येईल. म्हणून मागचे बाक सोडवण्याची परवानगी मिळाली असेल, तर त्याच्या मूळ बोल्टच्या जागा वापराव्यात. तेथे त्याच आट्याचा, त्याच ताकदीचा बोल्ट असलेली कडी बसवून चौकट चारही कोपऱ्यांत रॅचेट पट्ट्याने ताणावी. बाक जागेवरच असेल तर त्याच्या लोखंडी पायांना पट्टा घ्यावा, गादीच्या कापडाला किंवा सीट बेल्टला कधीच नाही. फरशीत स्वतः छिद्र पाडणे तर पूर्ण टाळावे, कारण खालून पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग जाते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो : गाडी चालू असताना पलंगावर कोणीही झोपायचे नाही, लहान मुलांनीही नाही.

प्रश्न : आमची गाडी सीएनजीवर आहे आणि टाकी मागे आहे. तिच्यावर पलंग आला तर चालेल का? रात्री थोडा वेळ इंजिन चालू ठेवून एसी लावण्यास आणि पाऊस असल्यास आतच चहा करण्यास हरकत आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकीच्या वर फळी येऊ शकते, पण टाकीभोवती पेटी करू नये. झडपेपर्यंत हात पोहोचला पाहिजे, हवा बाहेर नेणाऱ्या नळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत आणि पलंगाचा भार टाकी धरून ठेवणाऱ्या कंसांवर (ब्रॅकेटवर) पडता कामा नये. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास वर चढतो, म्हणजे नेमका झोपणाऱ्याच्या पातळीवर येतो. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो (पाण्याच्या दाबाची) चाचणी झाली आहे का हे पाटीवर पाहून घ्यावे. पलंग काढता येणारा असण्याचा हाही एक फायदा की चाचणीच्या दिवशी टाकी काढताना सुताराला बोलवावे लागत नाही.

बाकी दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ठाम नकार असे आहे. चालू इंजिनाच्या धुरातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही आणि झोपेतल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला हाच वायू आत शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. ती तर झोपण्यासाठीच सजवलेली गाडी होती. बंद व्हॅनमध्ये पेटवलेला छोटा शेगडी-सिलिंडर हाच वायू निर्माण करतो, शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर पलंगाखाली साचून राहतो. पावसात चहा हवा असेल तर मागचे दार वर उघडून त्याला ताडपत्री बांधावी आणि शेगडी त्या छपराखाली, गाडीच्या बाहेर, जमिनीवर ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म मिळतो. तो घ्यावा, पण त्याच्या भरवशावर इंजिन चालू ठेवू नये.

प्रश्न : मग कोकणात उकाडा आणि डास यांचे काय करायचे? काळी फिल्म लावली तर आडोसाही होईल.
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : काळी फिल्म नको. काचांवर अशी फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्येच मनाई केली आहे. आडोशासाठी काचेच्या मापाचे, दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेल्या बबल शीटचे तुकडे कापून घ्यावेत. ते मुक्कामाला पोहोचल्यावर खिडकीत दाबून बसवायचे आणि गाडी सुरू करण्यापूर्वी काढून गादीखाली सपाट ठेवायचे. उघड्या सरकत्या दाराला कडेने चुंबक शिवलेली मच्छरदाणी लावली की ती पत्र्याला आपोआप धरते. समोरासमोरच्या दोन काचा चार बोटे तरी उघड्या ठेवाव्यात, पावसातही. दोन माणसांच्या श्वासातले पाणी सकाळी काचांवरून ओघळून लाकडात जाते ते याच कारणाने थांबते.

पंख्यासाठी गाडीच्या बॅटरीला हात लावू नये, अन्यथा सकाळी गाडी सुरू होणार नाही आणि ढकलायला समुद्रकिनाऱ्यावर कोणी नसेल. हिशोब छोटा आहे. १५ वॉटचा १२ व्होल्ट पंखा आठ तास चालला तर १२० वॉट-तास, एलईडी दिवा १५, दोन मोबाईल ३०, एकूण १६५. वेगळी ४० अँपिअर-तासाची साधी बॅटरी घेतली आणि ती निम्म्याहून अधिक उतरू दिली नाही, तरी २४० वॉट-तास मिळतात. ही बॅटरी हवेशीर क्रेटमध्ये पट्ट्याने बांधावी आणि तिच्या धन टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज घालावा; फ्यूज नसलेली वायर पत्र्याला घासली तर आग लागते.

प्रश्न : जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर करून पर्यटकांना भाड्याने देण्याचा विचार आहे. हाच काढता पलंग तेथे चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या कुटुंबापुरता चालेल, व्यवसायासाठी नाही. पैसे घेऊन वाहन देणे म्हणजे परवाना, पिवळी पाटी आणि योग्य वर्गातील नोंदणी आली. ‘मोटर कॅराव्हॅन’ हा नोंदणीतील वेगळा वर्ग आहे आणि अशा वाहनांच्या मंजुरीसाठी एआयएस १२४ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्था त्यानुसार तपासणी करतात. पलंग, बैठक, वायुवीजन, गॅस, वीज या सगळ्याचा विचार त्यात होत असल्याने घरी केलेले काम नंतर मंजूर करून घेण्यापेक्षा मान्यताप्राप्त बांधणीकाराकडून गाडी करून घेणे स्वस्त पडते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले आहे, तेव्हा गाडी विकत घेण्याच्या आधी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीच्या अटी विचाराव्यात.

चालकाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. गाडीचे भारासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. ट्रॅव्हलर त्या मर्यादेच्या बरीच आत बसते.