काय, कायि आणि अडकित्ता

खानापूरहून एका भगिनींनी विचारले आहे की, बेळगावच्या बाजारात नारळवाली ‘कायि बेकेनरी?’ (नारळ हवा का?) असे म्हणते, तेव्हा ती आपल्याला मराठीतच ‘काय?’ असे विचारते आहे असा क्षणभर भास होतो. तर मराठीतला ‘काय’ आणि कन्नडमधला ‘कायि’ हे मूळचे एकच आहेत का, आणि असल्यास कोणी कोणाकडून घेतला? शेजारच्या एका गृहस्थांनी त्यांना ठामपणे सांगितले आहे की, मराठीने तो कन्नडकडून उचलला. जाता जाता ‘शिकेकाई’ लिहावे की ‘शिकाकाई’, असेही त्यांनी विचारले आहे.

शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे साफ चूक आहे. इतक्या तुटकपणे लिहितो याचे कारण असे की, या सीमाभागात या जातीची विधाने मला गेली कित्येक वर्षे दोन्हीकडून ऐकावी लागत आहेत: एका पक्षाला मराठी ही कन्नडची लेक ठरवायची असते, तर दुसऱ्याला कन्नडमधला प्रत्येक ओळखीचा शब्द मराठीच्या कोठारातून गेलेला दाखवायचा असतो. एक व्यंजन आणि एक स्वर जुळला की नाते पक्के करायचे, ही सोयरीक पत्रिका न पाहता, गोत्र न विचारता केलेली असते. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘काइ’ म्हणजे अन्न. तेव्हा या न्यायाने माओरी लोकांनाही आपण भाऊबंदांत धरायला हरकत नाही.

मराठीतल्या ‘काय’ची वंशावळ चांगली स्वच्छ आहे. संस्कृत ‘किम्’चे नपुंसकलिंगी अनेकवचन ‘कानि’, त्यापासून प्राकृतात ‘काइं’. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंशाचे, म्हणजे प्राकृताच्या पुढच्या अवस्थेचे, व्याकरण लिहिताना ‘किमः काइं-कवणौ वा’ असे सूत्र दिले आहे, आणि मला त्याची मौज अशी वाटते की, आपले ‘काय’ आणि ‘कोण’ (जुन्या मराठीतला ‘कवण’) हे दोघेही या एका सूत्रात शेजारी शेजारी बसलेले आहेत. गुजरातीत आणि राजस्थानीत ‘कांई’ अजून नाकातूनच उच्चारला जातो; मराठीने तो अनुस्वार टाकला. आणखी एक सोपी कसोटी आहे. मराठी ‘काय’ला विभक्ती लागली की तो नाहीसा होतो आणि ‘कशाला’, ‘कशाने’, ‘कशात’ अशी रूपे पुढे येतात. ‘कायाला’ असे कोणी म्हणत नाही. कन्नडचा ‘कायि’ मात्र नाम असल्यामुळे सगळे प्रत्यय अंगावर घेऊन जागच्या जागी उभा राहतो. ज्यांचे चलनवलन इतके निराळे, ते एका घरचे नव्हेत. आपल्याकडचे दखनी बोलणारे शेजारी ‘कायकू’ म्हणतात, तो ‘काय’ मात्र खरोखर आपलाच.

शरीर या अर्थाचा संस्कृत ‘काय’ सर्वांस ठाऊक आहे. बसवण्णांच्या परंपरेतला ‘कायक’ (कष्टाचे काम) त्याच्यापासूनच आला, त्याचा ‘काय काम?’ या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही, एवढे सांगून तो सोडतो. परंतु संस्कृतात आणखी एक ‘काय’ आहे आणि तो खरोखर प्रश्नाच्या पोटी जन्मला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२१ व्या सूक्तात ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, म्हणजे कोणत्या देवाला आम्ही हवि अर्पावा, असे पालुपद येते. पुढच्या याज्ञिकांनी त्या प्रश्नालाच उत्तर मानले, ‘क’ हे प्रजापतीचे नाव ठरवले, आणि त्याला द्यावयाच्या हवीला ‘काय’ म्हटले. पाणिनीला त्यासाठी ‘कस्येत्’ असे स्वतंत्र सूत्र करावे लागले. प्रश्नार्थक सर्वनामाला देव करून त्याच्यापुढे नैवेद्य ठेवणारी दुसरी संस्कृती माझ्या पाहण्यात नाही.

आता कन्नडकडे वळू. तिथे ‘काय्’ एक नसून तीन आहेत: तापणे, राखणे अथवा वाट पाहणे, आणि फळ धरणे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर हे सहज पाहायला मिळते. कोणी भक्त ‘काये तायि’, म्हणजे ‘आई, सांभाळ’, असा धावा करीत असतो, त्याच्या हातात फोडायला आणलेली ‘कायि’ असते, आणि कोल्हापूरकडून आलेला आपला माणूस मागून ‘काय म्हणतोय?’ असे विचारीत असतो. तीन ‘काय’ एका ओळीत उभे असूनही त्यांचे एकमेकांशी काही नाते नाही.

फळवाचक ‘काय्’ मोठा कर्तबगार शब्द आहे. तमिळ, मलयाळम, कन्नड, तेलुगू या चारही भाषांत तो आहे, आणि बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१) तो साऱ्या भावंडांसह भेटतो. कन्नडमध्ये पिकले ते ‘हण्णु’ आणि न पिकले ते ‘कायि’ अशी वाटणी आहे, म्हणून देवाला ‘हण्णु-कायि’ करतात. मराठीला ‘फळ’ या एकाच शब्दावर भागवावे लागते आणि कच्चेपणा विशेषणाने सांगावा लागतो. बेळगावच्या भाजीबाजारातून एक फेरी मारली तर अर्धे ढीग याच शब्दाने संपतात: वांगी म्हणजे बदनेकायि, दोडका म्हणजे हीरेकायि, काकडी म्हणजे सौतेकायि, शेवग्याच्या शेंगा म्हणजे नुग्गेकायि आणि मिरची म्हणजे मेणसिनकायि.

हाच ‘काय्’ जहाजात बसून जगभर गेला. आंब्याला तमिळमध्ये ‘मा’, त्याच्या कच्च्या फळाला ‘मांगाय्’. मलयाळममध्ये ते ‘माङ्ङ’ झाले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी केरळच्या किनाऱ्यावर ‘मांगा’ ऐकले, आणि पुढे इंग्रजीत ‘मँगो’ झाले. म्हणजे पिकून पिवळ्या झालेल्या हापूसला जो कोणी ‘मँगो’ म्हणतो, तो व्युत्पत्तीने त्याला कैरी म्हणत असतो. मी हे लग्नाच्या पंगतीत आमरस वाढताना सांगितले आणि पुन्हा कोणी मला आमरसाबद्दल विचारले नाही.

पण माझा खरा लाडका शब्द अडकित्ता आहे. येथल्या एका व्याख्यानात एका नामांकित अभ्यासकांनी तो ‘अडकणे’ या क्रियापदापासून साधला: सुपारी दोन पात्यांत अडकते, म्हणून अडकित्ता. या तर्काने उंदराच्या सापळ्यालाही अडकित्ता म्हणायला हवे, कारण तिथे उंदीर जितका अडकतो तितकी सुपारी कधी अडकत नाही. ती तर कटकन फुटून बाजूला पडते. शिवाय ‘-इत्ता’ हे शेपूट कोठून आले, यावर त्यांनी मौन पाळले. कन्नडमध्ये सुपारीला ‘अडके’ म्हणतात, ‘कोत्तु’ म्हणजे तोडणे, आणि या हत्याराचे कन्नड नाव ‘अडकोत्तु’ आहे. दोन ‘क’ लागोपाठ आले की एक गिळायचा, ही बोलणाऱ्याची नेहमीची रीत. पानसुपारीचे साहित्य मराठी घरात दक्षिणेकडूनच आले असेल, तर हत्याराने आपले नाव बरोबर आणले यात नवल नाही.

याच्या पुढे जे लिहितो ते माझे स्वतःचे अनुमान आहे, आणि ते मला सोडवत नाही. तमिळमध्ये सुपारीला ‘अडैक्काय्’ असे पूर्ण रूप आहे आणि मलयाळममध्ये ‘अडय्क्क’. तेव्हा कन्नड ‘अडके’मधला ‘के’ हा मला झिजलेला ‘काय्’च दिसतो. तसे असेल तर आजीच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्यात, त्या ‘क’च्या आड, नारळवालीचा ‘कायि’ लपलेला आहे. आणि मलयाळम रूपावरूनच पोर्तुगीजांनी ‘अरेका’ केल्यामुळे, १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने सुपारीच्या झाडाला ‘अरेका कटेचू’ असे नाव दिले, तेव्हा त्यानेही नकळत त्यालाच लॅटिनमध्ये नेऊन बसवले. कोणी म्हणेल की ‘के’ हा साधा प्रत्यय आहे. म्हणो, पण मग त्याने तमिळमधल्या ‘काय्’चा हिशेब द्यावा.

शिकेकाईचे राहिलेच. झाड ‘सीगे’, त्याची शेंग ‘सीगेकायि’. पहिल्या पदाच्या शेवटी ‘ए’ आहे, म्हणून मराठीत ‘शिकेकाई’ हेच रूप मुळाला धरून आहे. ‘शिकाकाई’ हे हिंदीतले रूप साबणांच्या आणि शांपूंच्या जाहिरातींनी आपल्याकडे आणले. तिच्यातल्या ‘काई’चा अर्थ शेवाळ असा सांगणारेही भेटतात; ते हिंदीतल्या ‘काई’ने घसरलेले असतात.

म्हणजे मराठीने कन्नडकडून ‘काय’ घेतलाच नाही, असेही शेजारच्या गृहस्थांना सांगू नये. घेतला आहे, पण तो न्हाणीघरात, आणि माझे खरे असेल तर पानाच्या डब्यातही. आणि नारळवालीने पुन्हा ‘कायि बेकेनरी?’ म्हटले, तर नको असल्यास ‘बेडरी’ म्हणावे, हवे असल्यास ‘एरड कोडरी’. भावाची घासाघीस मराठीतून केली तरी तिला ती चांगली कळते.