खंड, कोसळ आणि ऊन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : जूनच्या पहिल्या दमदार सरीवर सोयाबीन पेरलं, मग पंधरा दिवस उघडीप. दुबार पेरणी करावी लागली. नेमक्या किती पावसावर पेरावं? (जिंतूर, जि. परभणी)

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तापलेल्या काळ्या जमिनीत पहिला 30-40 मिलिमीटर पाऊस भेगांमध्येच जिरतो. वरचा थर तेवढा ओला दिसतो. बी त्या ओलीवर फुगतं, मोड काढतं आणि खाली कोरडं लागलं की करपतं. कुदळीने वीतभर खड्डा घेऊन तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. नुसती चिकटली तर ओल जास्त आहे, एक दिवस थांबा.

पाऊस मात्र स्वतःच्या शेतात मोजा. गावाच्या नावावर लागणारा आकडा महसूल मंडळातल्या केंद्राचा असतो आणि जूनचा पाऊस कधीकधी बांध ओलांडून पलीकडेही जात नाही. सरळ उभ्या भिंतीचा पत्र्याचा डबा झाडा-घरापासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. बादली ठेवू नका. तिचं तोंड तळापेक्षा रुंद असतं, म्हणून आकडा फुगतो.

घरचं बियाणं असेल तर शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा दिवसांनी मोजा. सत्तर उगवल्या तर एकरी 30 किलो पुरे, पासष्ट उगवल्या तर 32 किलो. साठीच्या खाली गेलं की ते बी तेलगिरणीला द्या. सोयाबीनची साल पातळ असते, पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो, म्हणून हमालीच्या वेळी स्वतः उभं राहिलेलं बरं. पेर 3 ते 4 सेंटिमीटर खोल. ट्रॅक्टरच्या पेरणीत बी याहून खोल जातं, वर सरीने पापुद्रा धरला की कोंब बाहेर येत नाही आणि दोष बियाणाच्या पिशवीला लागतो.

शेजाऱ्याचं पेरून झालं म्हणून घाई करू नका. सोयाबीनला साधारण 15 जुलैपर्यंत वेळ आहे. त्यापुढे गेलं तर तूर, सूर्यफूल, एरंडी यांचा विचार करा.

प्रश्न : एकाच हंगामात आधी शेत चिबडलं, मग तीन आठवडे पाणी नाही. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं) यंत्र गावात नाही. काय करता येईल? (रिसोड, जि. वाशीम)

दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे सरी. पेरताना चार तास (पेरणीच्या ओळी) पेरून पाचव्या तासाची नळी बंद ठेवा. पीक तीनेक आठवड्यांचं झालं की त्या रिकाम्या तासात लहान नांगराने किंवा डवऱ्याला दोरी गुंडाळून वीतभर खोल सरी काढा. कोसळलेला पाऊस सरीतून निघून जातो. हलका पाऊस तिथेच मुरतो आणि खंडात शेजारच्या तासांना ओल देतो. पाचातलं एक तास रिकामं, म्हणून बियाणंही तेवढंच वाचतं.

बिघडतं कुठे? सरी उताराच्या दिशेने काढली की तिचा ओहोळ होतो, माती घेऊन जातो. सरी उताराला आडवी, किंचित ढाळ देऊन, आणि तिचं तोंड गवत असलेल्या चराला. तोंडच नसेल तर पाणी एका कोपऱ्यात साचून तिथलं पीक पिवळं पडतं. हे काम नेमकं राहून जातं, कारण चर शेजाऱ्याच्या बांधाजवळून काढावा लागतो आणि बोलणी कुणालाच नको असतात.

खंड पडला की फुलोऱ्याआधी कोळपणी करा, भेगा बुजतात, बाष्प उडणं कमी होतं. फुलोऱ्यानंतर नको, मुळ्या तुटतात. तेव्हा पोटॅशियम नायट्रेट 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. पानं पार माना टाकून बसली की याचा फारसा उपयोग नाही. एकच पाणी देणं शक्य असेल तर ते शेंगा भरताना द्या.

प्रश्न : 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात किती एकर निघेल? (अंबड, जि. जालना)

30×30×3 म्हणजे 27 लाख लिटर असा हिशेब करू नका. काळ्या मातीत बाजू दीडास एक उताराच्या (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं) ठेवाव्या लागतात, त्यामुळे तळ 21 बाय 21 मीटरच उरतो आणि पाणी सुमारे 20 लाख लिटर मावतं. बाष्पीभवन, झिरपा आणि तळाचा गाळ धरून एकतृतीयांश सोडा. एका एकरात 50 मिलिमीटर पाणी म्हणजे 2 लाख लिटर, म्हणजे सहा-साडेसहा एकरांना एकदा. तुषार संचाने 30 मिलिमीटर दिलं तर दहा-अकरा एकर.

तळं ओहोळाच्या वाहत्या पाण्यावर भरा, आत येण्याच्या वाटेवर गाळ बसायला छोटा खड्डा ठेवा. विहीर-बोअर उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरणं म्हणजे जमिनीतलं झाकलेलं पाणी उन्हात मांडणं. तशा तळ्यांमुळे शेजारच्या विहिरी लवकर तळ गाठतात.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये मजुरांना चक्कर येते. कामाच्या वेळा कशा ठेवाव्यात? (देवळी, जि. वर्धा)

सहा ते साडेदहा आणि साडेचारनंतर. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. घाम फार जात असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. नव्याने आलेल्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी थोडंच काम द्या, आठवडाभरात वाढवा. अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला की तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. सावलीत घ्या, कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि 108ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : वीज कडाडायला लागली की शेतात कुठे थांबावं? (कळंब, जि. यवतमाळ)

पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या मोटारीत. झाडाखाली, विहिरीच्या काठावर, उघड्या ट्रॅक्टरवर नाही. आसरा नसेल तर तारेच्या कुंपणापासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं झोपू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर मोफत मिळतं.