कराओके ठेवला की ठेवलं?

प्रश्न आला आहे : सोसायटीच्या गणपतीत ‘लाइव्ह कराओके’ आहे. फलकावर ‘ठेवला आहे’ लिहायचं की ‘ठेवलं आहे’?

लिंगाचं नंतर बघू. आधी तो ‘लाइव्ह’ फलकावरून पुसा. गेली दोन वर्षं जिथे जातो तिथे हेच वाचतोय, आणि स्टेजवर बघावं तर ढोलकीवाला, कीबोर्डवाला, मागे ऑक्टोपॅड! मग रिकामं काय राहिलं? जपानीत ‘कारा’ म्हणजे रिकामं, आणि ‘ओके’ म्हणजे ‘ओकेसुतोरा’, आपला ऑर्केस्ट्रा, शेपूट छाटलेला. (पर्सनल कॉम्प्युटरचा ‘पासोकोन’ करणारी माणसं ती.) वादक हजर असतील तर जपानी लोक ‘नामा-ओके’ म्हणतात. नामा म्हणजे कच्चं, ताजं. पिंपातून काढलेल्या बिअरलाही तिथे नामाच म्हणतात. आपल्याकडे तर ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गायक, निवेदक, मिमिक्रीवाला सगळे त्यातच आले. तोच शब्द लिहा की!

‘कर’ म्हणजे हात, हातात माईक, म्हणून कराओके, ही व्युत्पत्ती मी एका व्याख्यानात स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. टाळ्याही पडल्या. संस्कृतशी नातं जोडायचंच असेल तर खरं नातं याहून कितीतरी सुंदर आहे. ‘कारा’ हा शब्द अस्सल जपानी, पण तो ज्या चिनी चिन्हाने लिहितात त्याच चिन्हाचा अर्थ आकाश, आणि तेच चिन्ह बौद्ध ग्रंथांत ‘शून्य’साठी येतं. प्रज्ञापारमिता सूत्रं चिनीत नेताना भाषांतरकारांनी आपल्या शून्यतेला हेच चिन्ह दिलं. कराटेतही आज तेच आहे. तिथे आधी ‘चीन’ या अर्थाचं चिन्ह होतं, 1930च्या दशकात ते बदलून ‘रिकामा हात’ झाला. म्हणून कराओकेला मी ‘वृंदशून्य’ म्हणतो. कराओके हल्ली काताकाना या जपानी ध्वनिलिपीत लिहितात, त्यात ते चिन्ह दिसतच नाही, असा आक्षेप एका मित्राने घेतला. नसेल दिसत. शून्यच ते.

आता आमच्या कोशकार मंडळींविषयी. ‘1971 साली कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी हा शब्द घडवला’ असं छापून मोकळे होतात. इनोउए यांनी घडवलं ते यंत्र : आठ ट्रॅकची टेप, माईक, अॅम्प्लिफायर आणि नाणं टाकायची पेटी. अशी अकरा करून त्यांनी कोबेच्या बारना भाड्याने दिली. पेटंट घेतलं नाही. पुढे फिलिपिन्सच्या रॉबर्टो देल रोझारियो यांनी आपल्या यंत्राचं घेतलं. इनोउएंच्या वाट्याला 2004चं इग नोबेल (नोबेलची थट्टा करणारं गमतीचं पारितोषिक) आलं, तेही शांततेचं. इतरांचं गाणं सहन करायला शिकवल्याबद्दल. पण शब्द त्यांचा नाही. गायकाविना वाजवून ठेवलेल्या साथीच्या टेपला ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आधीपासून कराओकेच म्हणत. तोक्योच्या शिगेइची नेगिशी यांनी 1967मध्येच असं यंत्र केलं होतं, आणि वितरकाने ‘कराओके’ हे नाव नाकारलं होतं. कारण? जपानीत शवपेटीला ‘कान-ओके’ म्हणतात. दारूच्या बारमध्ये शवपेटी कोण ठेवणार! शेवटी ते यंत्र ‘स्पार्को बॉक्स’ म्हणून गेलं. जो शब्द 1967मध्ये नाकारता येतो तो 1971मध्ये जन्मतो कसा, हे कोशकारांनी मला सांगावं.

आणि हो, ‘कॅरिओकी’ म्हणू नका. तो अमेरिकेने वाकवलेला उच्चार आहे. का-रा-ओ-के, चारही अक्षरं सुटी, झटपट. देवनागरीत ते सहज लिहिता येत असताना अमेरिकेमार्गे कशाला जायचं?

लिंग राहिलंच. कार्यक्रम या अर्थी मी ‘ठेवला’ म्हणतो. आमच्या घरात ‘कराओके लावलं’ म्हणतात, आणि त्यावर मी अजून कुणाशी भांडलेलो नाही.