करार ‘रद्द’, ‘रद्दबातल’ की ‘शून्य’?

प्रश्न असा आहे : कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका फाउंड्रीत मोल्डरकडून ‘नोकरी सोडल्यावर तीन वर्षे जिल्ह्यातल्या दुसऱ्या फाउंड्रीत काम करणार नाही’ असं लिहून घेतलंय. नोटिशीच्या मसुद्यात वाक्य आहे, “सदर करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याने मी तो आजपासून रद्द करीत आहे.” इथे ‘रद्द’ बरोबर की ‘शून्य’?

‘रद्द’ नको, आणि ‘आजपासून’ तर मुळीच नको. तिकीट रद्द होतं, कारण ते आधी काढलेलं असतं. ‘रद्द करतो’ म्हटलं की कालपर्यंत ते बंधन चालू होतं अशी कबुली आपणच दिल्यासारखी होते, आणि समोरचा वकील नेमकं तेच धरून बसेल. शून्य करार मात्र कुणी शून्य ‘करत’ नाही; तो पहिल्यापासून शून्य ‘असतो’. न्यायालय तसं फक्त ‘ठरवतं’. करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २ मध्ये हा भेद स्पष्ट आहे : कायद्याने अंमलात आणता येत नाही तो शून्य करार, आणि एका पक्षाला हवा तर मोडता येतो, जसा धाकदपटशाने किंवा फसवून सही घेतलेला, तो शून्यकरणीय. ‘रद्द करणे’ हे क्रियापद या दुसऱ्याला शोभतं.

‘रद्दबातल’मध्ये दोन अरबी शब्द आहेत : ‘रद्द’ म्हणजे परतवणं, ‘बातिल’ म्हणजे फोल. शून्याचा अर्थ दुसऱ्या अर्ध्यात आहे. म्हणून ‘रद्दबातल ठरवला’ चालेल. ‘रद्दबातल केला’ म्हटलं की गाडी पुन्हा तिथेच.

एक जागा मात्र ‘रद्द’ची हक्काची आहे : दस्त. करार शून्य असला तरी सह्या केलेला कागद उरतोच, आणि उद्या कुणी तो पुढे करील. विशिष्ट अनुतोष अधिनियम (Specific Relief Act), १९६३ च्या कलम ३१ खाली न्यायालय असा दस्त रद्द करून देतं. नोंदणीकृत असेल तर हुकूमनाम्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे जाते आणि तो आपल्याकडच्या नकलेवर तशी नोंद करतो. करार शून्य, दस्त रद्द.

‘सार्वजनिक धोरण’ हा शब्द मला खटकतो. मराठीत धोरण सरकारचं असतं नाहीतर धोरणी माणसाचं, त्यामुळे वाचणारा शासन निर्णय शोधायला लागतो. करार कायद्याच्या कलम २३ मधला अर्थ लोकहिताचा आहे. ‘लोकहिताविरुद्ध’ लिहिलं की लगेच कळतं. विवाहाला, धंद्याला, न्यायालयात जाण्याला आडकाठी करणारे करार हे त्याचेच नेमके प्रकार, कलम २६ ते २८ मधले.

मोल्डरची अट कलम २७ मध्ये बसते. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट सहसा टिकते. नोकरी सुटल्यानंतरची टिकत नाही, मग मुदत तीन वर्षांची असो की सहा महिन्यांची. खानावळ नावलौकिकासकट विकणाऱ्याने त्याच पेठेत पुन्हा तोच धंदा न करण्याची वाजवी अट हा अपवाद. आणि कलम २७ करार ‘त्या मर्यादेपर्यंत’ शून्य म्हणतं. अख्खा करार शून्य म्हणून टाकलात तर त्यातल्याच पगाराच्या कलमावर थकबाकी मागताना आपलंच वाक्य आडवं येईल.

तेव्हा असं लिहा : “सदर करारातील, नोकरी सोडल्यानंतर अन्यत्र काम करण्यास मनाई करणारी अट करार कायदा, १८७२ च्या कलम २७ अन्वये आरंभापासूनच शून्य असून ती माझ्यावर बंधनकारक नाही.”